सही कुणाची, हद्द कुठवर?



गेल्या हंगामात एका गावच्या शेतकऱ्यांनी माझ्यापुढे करारनामा ठेवला. कापूस घरून उचलू, ठरला तो भाव देऊ, असे त्यात लिहिलेले. वर एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव, पत्ता शीव, मुंबई. खाली गोल शिक्का आणि 'कंपनीकरिता' एक सही. पुढे भाव उतरला आणि गाडी काही आली नाही. आम्ही चौघे शीव स्टेशनला उतरलो, पत्ता शोधला. साहेबाने कागद पाहिला आणि शांतपणे सांगितले, "हा आमचा फिल्डवरचा माणूस. कंपनीच्या नावाने सही करायचा त्याला अधिकारच नव्हता."

भाव चढला असता तर हीच सही दाखवून यांनी आपला कापूस नेला असता. चढला तर सही खरी, उतरला तर माणूस परका! त्या गावाने पडत्या भावात कापूस विकला.

शीव म्हणजे हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला, कारण त्यांचा अंमल तिथे संपत होता; पलीकडची साष्टी पोर्तुगीजांची. हद्द आपल्यालाही कळते. धुरा हातभर सरकला तर आपण कोर्टात जातो. जमीन घेताना सातबारा पाहतो. त्यावर चार भावांची नावे असतील तर एकाच्या सहीवर इसार देत नाही. मग कंपनीचा माणूस जीपमधून उतरला की हे शहाणपण कुठे जाते?

कंपनीला स्वतःचा हात नसतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २१ सांगते की कंपनीच्या करारावर सही करायची ती प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्याने, नाहीतर संचालक मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने किंवा नोकराने. नुसता संचालक आहे म्हणून एकट्याची सही चालेलच असे नाही. शिक्क्यावर तर मुळीच जाऊ नका. २०१५ च्या दुरुस्तीपासून कंपनीला शिक्का सक्तीचा नाही, आणि रबरी शिक्का तालुक्याला कुणालाही करून मिळतो. त्याच दुरुस्तीने खासगी कंपनीला किमान एक लाख भांडवलाची अटही उठली. लिमिटेडचा अर्थ एवढाच की भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. अडत्या बुडाला तर त्याचे घर तरी डोळ्यांसमोर असते. कंपनी बुडाली तर हाती कागद उरतो, आणि त्यावरची सहीच खोटी निघाली तर तोही नाही.

वकील म्हणतील, कंपनीच्या आतल्या कारभाराची चौकशी बाहेरच्याने करायची गरज नाही, कायदा त्याच्या पाठीशी आहे. खरे आहे. लक्ष्मी रतन कॉटन मिल्सने 'मंडळाचा ठरावच नव्हता' म्हणून दीड लाखाचे कर्ज झटकू पाहिले. १९५७ च्या निकालात अलाहाबाद हायकोर्टाने ते चालू दिले नाही. पण तिथे दोन्हीकडे गिरण्या होत्या, दोन्हीकडे वकील होते. कोरडवाहू माणसाने दहा क्विंटल कापसासाठी हायकोर्ट गाठायचे का?

शिवाय १९४२ चा अवधचा निकालही ध्यानात ठेवा. दिनशॉ कंपनीच्या अकाउंटंटने कंपनीची मालमत्ता लिहून दिली आणि घेणाऱ्याने त्याचे मुखत्यारपत्र पाहिले नाही. व्यवहार रद्द झाला. अकाउंटंटला एवढा अधिकार सहसा नसतो, तेव्हा घेणाऱ्याने विचारायला हवे होते. फिल्डवरचा माणूस अकाउंटंटपेक्षा मोठा आहे काय?

म्हणून कापसाची खेडा खरेदी असो की ज्वारीचे बीजोत्पादन, अंगठा उठवण्याआधी एवढे कराच. लेटरहेडवर कंपनीचा २१ अक्षरी-आकडी नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, पाहा. तो छापणे कायद्याने सक्तीचे आहे. गावातल्या शिकल्या पोराला तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकायला सांगा. संचालकांची नावे आणि नोंदणीकृत पत्ता कळेल. पण सहीचा अधिकार देणारा ठराव तिथे सापडेलच असे नाही. त्याची प्रमाणित प्रत कंपनीकडेच मागा. कुणाला, कोणत्या कामाला, किती रकमेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत अधिकार दिला, हे त्यात असले पाहिजे. प्रत करारनाम्याला जोडा, आणि मगच सही. 'उद्या पाठवतो' म्हणाला तर आपणही कापूस उद्याच देऊ.

आणि हे आपल्या घरालाही लागू. २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांना वाट मिळाली, आता आपलीच माणसे संचालक झाली आहेत. त्यांनी ठरावाशिवाय सह्या ठोकल्या तर आपल्यात आणि शीवच्या त्या साहेबात फरक काय?

जिल्हा बैठकीत मी मागणी मांडणार आहे: गावात खरेदीचा किंवा बीजोत्पादनाचा करार करू पाहणाऱ्या कंपनीने सहीच्या अधिकाराचा ठराव मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तोवर त्या गावात एकही सही होणार नाही. आपला सातबारा सगळ्यांना उघडा आहे. कंपनीनेही आपली शीव दाखवावी.