न दिलेले घेऊ नये

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यावर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्पाला स्थान मिळाले. विद्यार्थ्याने केवळ पुस्तकावर विसंबून न राहता समाजात जावे, पाहावे, विचारावे, हा त्यामागील हेतू. पिशोरहून कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकावयास जाणाऱ्या एखाद्या कन्येने अशा प्रकल्पासाठी ब्लो-ड्राय करणारे पार्लर निवडले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. नटण्यामुरडण्याचे ठिकाण म्हणून विषय क्षुल्लक वाटतो. अभ्यासाला मात्र तेथे पुष्कळ वाव आहे.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस वाळताना नव्याने जुळतात. ब्रशने ताण देऊन गरम हवेने वाळविलेला केस म्हणूनच दिलेल्या आकारात राहतो आणि पुन्हा भिजला की मूळ रूपावर येतो. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी तेथेच दुसरा हिशेब मांडू शकते. दोन हजार वॅटचा ड्रायर पूर्ण क्षमतेने अर्धा तास चालला, तर एक युनिट वीज खर्ची पडते. त्यात जागेचे भाडे, मदतनीस मुलीचा पगार आणि लग्नसराईची गिऱ्हाइकी धरली, की एका लहान धंद्याचा ताळेबंद उभा राहतो.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. केस सरळ करण्याच्या काही उपचारांतील द्रावण तापविले असता फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा पदार्थ मानवात कर्करोग घडविणाऱ्यांच्या वर्गात घातला. गिऱ्हाईक काम झाले की निघून जाते. बंद खोलीत दिवसभर उभी राहणारी कारागीर तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासावाटे घेते. बाटलीवरील घटकांची यादी वाचणे आणि खोलीत हवा खेळती आहे का ते पाहणे, एवढ्यानेही प्रकल्पाला मोल येईल.

परंतु ही माहिती मिळवायची कशी? येथे जैन कुटुंबातील संस्कार उपयोगी पडतो. अचौर्य अणुव्रतात केवळ वस्तूची चोरी वर्ज्य नाही. जे कोणी दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान, तेही वर्ज्य आहे. गिऱ्हाईक असल्याचे भासवून गुपचूप नोंदी करणे, न विचारता छायाचित्र काढणे, मदतनीस मुलीने विश्वासाने सांगितलेला पगार तिच्या नावासह छापणे, हे सारे अदत्तादानच होय. आपल्या दुकानात एखादा अनोळखी विद्यार्थी आला आणि खतावणी उघडून आकडे उतरवू लागला, तर कोणता व्यापारी ते सहन करील? जो न्याय आपल्या पेढीला, तोच पार्लर चालविणाऱ्या भगिनीलाही लागू आहे.

म्हणून विद्यार्थिनीने प्रथम आपली ओळख व येण्याचा हेतू सांगावा, महाविद्यालयाचे पत्र दाखवावे आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, तो सोडून द्यावा. मालकीण, मदतनीस व गिऱ्हाईक या तिघींचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे; एकाच बाजूने सत्य पुरते दिसत नाही, हे अनेकांतवादाने आपल्याला शिकविलेच आहे. अहवाल पूर्ण झाल्यावर तो पार्लरमध्ये नेऊन वाचून दाखवावा. हवेसाठी एक खिडकी उघडी ठेवण्याची सूचना त्यातून निघाली, तर घेतलेल्या वेळेची थोडीशी परतफेड होईल.

पालकांचेही एक कर्तव्य आहे. गुणांच्या चिंतेने तयार प्रकल्प विकत आणून मुलांच्या हाती देणारी घरे आज कमी नाहीत. दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर दाखविण्याची सवय तेथे लागते, आणि उद्या गादीवर बसल्यावर ती वहीतही उतरते. मुलगी चार पाने कमी लिहील, एखादा गुण गमावील. पण त्या पानांवरील प्रत्येक आकडा तिने मागून, सांगून आणि स्वतः पाहून आणलेला असावा. व्यापारी घराण्याला याहून चांगला वारसा कोणता?