परसातील गोड कांदा का सडतो?

वर्धा जिल्ह्यात परसातील गोड कांदा पावसाळ्यापूर्वीच सडला, की दोष माळ्यास दिला जातो. बहुधा तो शेवटच्या पाण्याचा असतो. मोरीचे पाणी वाफ्यात वाहतच राहते. काढणीपूर्वी २-३ आठवडे ते अन्यत्र वळविणे अगत्याचे आहे. गृहिणींस हे निर्दयपणाचे वाटते, कारण पात हिरवी असते! निम्म्या माना पडताच कांदा काढावा, पातीसह सुकवावा व इंचभर मान राखून पात कापावी. वैशाखाच्या उन्हात तो भाजतो, म्हणून पुढील वाळवण सावलीतच करावी. गोड कांदा मुळातच पाणीदार. तो आधी खावा. साठवणीसाठी रब्बीचा ‘एन-२-४-१’ निराळ्या वाफ्यात लावावा. ग्रामसेवकांनी मात्र माळ्यापूर्वी मोरी पाहावी.