कुलगुरूंनीं चार्ज रयतेसमोर घ्यावा

खेड्यांतील शाळेचा हेडमास्तर बदलला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. जाणारा मास्तर कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवतो. येणारा मास्तर जनरल रजिस्टर, हजेरीपट, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर उघडून बसतो. बांकें मोजतो, फळे मोजतो, पोषण आहाराच्या तांदळाचीं पोतीं काट्यावर घालतो. खुर्ची मोडकी असली तर तिच्यापुढें ‘मोडकी’ असाच शेरा पडतो, आणि मग यादीखालीं दोघांच्या सह्या होतात. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडल्यापासून आम्हीं असा चार्ज दिलाही आहे व घेतलाही आहे. त्यांत वाजंत्री नसते. परंतु सही झाली त्या घटकेपासून हरवलेल्या एका किल्लीचा जाबही आपणांसच द्यावा लागणार, हें मास्तरास पक्कें कळतें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या भूम तालुक्याचीं मुलें ज्या विद्यापीठाची पदवी घेतात त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत, तसेंच राज्यांतील इतर विद्यापीठांत, नवे कुलगुरु येतात तेव्हां ही मोजदाद लोकांच्या दृष्टीस पडत नाहीं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणें शोध समिति नांवें सुचविते आणि राज्यपाल कुलपति या नात्यानें त्यांतून एकाची नेमणूक करितात. मुदत पांच वर्षांची. मग पदग्रहणाचा दिवस येतो. थोरांच्या पुतळ्यास हार, कागदावर सही, पुष्पगुच्छांचा ढीग, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छबी! ताब्यांत काय घेतलें, त्यांत शाबूत काय होतें व मोडकें काय होतें, ही यादी मात्र रयतेस कोणी वाचून दाखवीत नाहीं.

थाटाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ निघालें तें लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि दीक्षांत समारंभांतील झगाही तिकडूनच आला. मूळ तो मध्ययुगांतील युरोपच्या पाद्री-पंडितांचा पोशाख. थंड मुलखांत तो ठीक; आमच्या उन्हांत तो घालून माणूस घामाघूम होतो. २०१५ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें समारंभास हातमागाचे कपडे वापरावे असें सुचविलें. पुढें जानेवारी २०१९ मध्यें, ज्या पुणें विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे, तेथील दीक्षांत समारंभांत पुणेरी पगडी आली, आणि विद्यार्थ्यांनीं विचारलें कीं फुले पगडी कां नाहीं? तो सवाल अगदीं रास्त होता. सावित्रीबाईंच्या घरांत जोतीरावांच्या पागोट्यास मान नसेल तर तो कोठें असावा? तथापि आमचें म्हणणें एवढ्यावर थांबत नाहीं. डोक्यावर काय घातलें याइतकीच डोक्यावर काय घेतलें याचीही चौकशी झाली पाहिजे.

कोणी म्हणेल, विद्यापीठ कोठें आणि तुमची चार खोल्यांची शाळा कोठें! त्यांनीं अमेरिकेंतील हार्वर्डकडे पाहावें. तेथें नवा अध्यक्ष गादीवर बसतो तेव्हां त्याच्या हातीं चांदीच्या दोन किल्ल्या, विद्यापीठाचे शिक्के, १६५० च्या सनदेची प्रत व कॉलेजचें अगदीं जुनें दप्तर देतात. म्हणजे काय? किल्ल्या, शिक्का व दप्तर! आमचा हेडमास्तर घेतो तोच हा चार्ज, फरक चांदीचा. जगांतील थोर म्हणविणाऱ्या विद्यापीठांतही पदग्रहणाचा गाभा ताबा घेण्याचाच आहे. आम्हीं झगा तेवढा उचलला आणि दप्तर विसरलों.

आतां हा ताबा कोणाच्या मालमत्तेचा? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निक्षून सांगितलें कीं, सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामानें भरते व विद्येचा लाभ वरच्या थरास होतो. मराठवाड्यांत तर १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठीं हैदराबादकडे तोंड करावें लागे, आणि तेथील शिक्षणाची भाषा उर्दू. आपलें विद्यापीठ उघडलें तें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं, पंडित नेहरूंच्या हस्तें. त्यास बाबासाहेबांचें नांव द्यावें असा ठराव २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळांत झाला, तेव्हां दलितांच्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचे जीव गेले. आणि नांव लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. दर वर्षीं त्या तारखेस हजारों माणसें विद्यापीठाच्या कमानीपाशीं येऊन माथा टेकतात. त्यांत पदवी नसलेल्या कितीतरी बाया असतात. आमच्या मतें विद्यापीठाचा खरा समारंभ तो. तेथें झगा नाहीं, दंड नाहीं, निमंत्रणपत्रिकाही नाहीं. ज्या कमानीसाठीं माणसें मेलीं, तिच्या आंतील कारभाराचा ताबा चार भिंतींआड घेणें शोभत नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नव्या कुलगुरूंनीं पदग्रहणाच्या दिवशीं चार्जयादी मराठींत मोठ्यानें वाचावी. प्राध्यापकांच्या जागा किती व रिकाम्या किती. निकाल किती दिवस रखडले. शिष्यवृत्तीचे किती अर्ज पडून आहेत. वसतिगृहांत खाटा किती व मागणी किती. हें त्यांत असावें, आणि मोडक्यापुढें ‘मोडकें’ असाच शेरा असावा. हीच यादी महिन्याभरांत जालना, बीड व धाराशिव येथें जाऊन वाचावी. धाराशिवास तर विद्यापीठाचा उपपरिसरच आहे. पांच वर्षांनीं निघतांना तीच यादी पुन्हां वाचून, काय दुरुस्त झालें तें सांगून, पुढच्याच्या हातीं द्यावी. अधिसभेंत अर्थसंकल्प व वार्षिक अहवाल मांडले जातात हें आम्हांस ठाऊक आहे. पण अधिसभेच्या दालनांत खव्याच्या भट्टीवरचा बाप पोहोंचत नाहीं.

भूमच्या आसपास पहांटे भट्ट्या पेटतात. कढईंतलें दूध आटेपर्यंत हात थांबवितां येत नाहीं; थांबला तर खवा लागतो. त्या मजुरींतून मुलीची परीक्षा फी भरली जाते, आणि कामासाठीं विद्यापीठ गांठावयाचें तर दीडशे किलोमीटरांहून अधिक एसटीचा प्रवास व एका दिवसाचा खाडा. त्या बापास पुष्पगुच्छाची छबी पाहून काय समजावें? आपल्या पैशानें उभ्या राहिलेल्या घराच्या किल्ल्या कोणीं घेतल्या व घर कोणत्या स्थितींत घेतलें, एवढें तरी त्यास कळलें पाहिजे. हेडमास्तरास जो नियम, तो कुलगुरूंस कां नसावा, याचें उत्तर विद्यापीठाच्या धुरीणांनीं द्यावें.