यहेज्केल संदेष्ट्याचा कोणता अध्याय वाचावा?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि गाझामध्ये युद्ध पेटले. तेव्हापासून यहेज्केलच्या ग्रंथातील ३८ व ३९ हे अध्याय एकाएकी चर्चेत आले. गोग म्हणजे रशिया, युगाचा अंत समीप आला, असे सांगणाऱ्या चित्रफिती उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील श्रद्धावंतांच्या भ्रमणध्वनींवरही येऊन पोहोचतात. त्या पाहून भयभीत होणारे थोडे नाहीत. म्हणून या अर्थाची पारख करणे अगत्याचे आहे.

हा सारा डोलारा 'रोश' या एका हिब्रू शब्दावर उभा आहे. त्याचा साधा अर्थ डोके किंवा प्रमुख. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ते एका देशाचे नाव मानले. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये मात्र 'डोके' हाच अर्थ ठेवला. सोबत येणारी मेशेख व तुबाल ही नावे आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन लोकांची असून अश्शूरी लेखांत त्यांचा उल्लेख सापडतो. रशियाचे नाव तर यहेज्केलनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने इतिहासात उगवते! तरीही १९०९ साली स्कोफिल्ड यांच्या टीपांसह निघालेल्या इंग्रजी बायबलमुळे रशियाचा अर्थ घरोघर पोहोचला.

मूळ भाषेकडे वळणे आपल्याकडे नवे नाही. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्राएल बांधवांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषांचे दार सताड उघडून दिले ते पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या विश्वपत्राने. पुढे द्वितीय व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सांगितले, की लेखकाला काय म्हणायचे होते आणि त्याने कोणता वाङ्मयप्रकार वापरला हे आधी पाहावे. जुन्या मराठी भाषांतरांत 'भविष्यवादी' हा शब्द होता; त्याने आपली बरीच दिशाभूल केली असे वाटते. 'संदेष्टा' हा शब्द अधिक नेमका आहे.

यहेज्केल स्वतः विस्थापित होता. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या लोकांत तो होता आणि खबार नदीकाठच्या वसाहतीत राहत असे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, त्यातून उल्हासनगर उभे राहिले. आजही तेथील भागांना 'कॅम्प'च म्हणतात. अशा गावातील वाचकाला या संदेष्ट्याची ओळख वेगळी करून द्यावी लागू नये.

याच ग्रंथाचा १३ वा अध्याय मात्र कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही. लोक कच्ची भिंत उभारतात, खोटे संदेष्टे तिला चुना फासून सर्व काही क्षेम आहे असे सांगतात, आणि पाऊस, गारा व वादळ आले की ती भिंत कोसळते, असे तेथे वर्णन आहे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या रात्रीच्या दुर्घटनेत सात जणांचा बळी गेला. शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याने खास कायदा केला होता. बेघर होण्याच्या भीतीखाली जगणाऱ्या हजारो कुटुंबांना त्याची गरज होती हे खरे. परंतु कागदावर शिक्का बसल्याने सिमेंट मजबूत होत नाही. यहेज्केलचा रोषही घरात राहणाऱ्यांपेक्षा चुना फासणाऱ्यांवर अधिक आहे.

धर्मग्रामांतील बायबल अभ्यासगटांनी ३८ वा अध्याय उघडण्यापूर्वी हा १३ वा वाचावा. बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार, पालिकेतील कर्मचारी आणि हप्ते भरून घर घेणारे आपल्या मिस्साविधीला एकाच बाकावर बसतात. चर्चा अवघड होईल, पण ती होऊ द्यावी.