संदेशसंचिका आणि सामान्यरूप

भाषांतराचा विचार आपण बहुधा कथा, काव्य व नाटक यांच्या संदर्भात करतो. परंतु संगणकाच्या पडद्यावर उमटणारे ‘अर्ज स्वीकारला’ हे वाक्यही भाषांतरच होय, आणि त्याची घडण अभ्यासकांनी तपासावी अशीच आहे.

जावा भाषेवर उभारलेल्या स्प्रिंगसारख्या चौकटीत प्रत्येक भाषेची स्वतंत्र संदेशसंचिका ठेवता येते. तीत एकेका सांकेतिक नावापुढे एकेक वाक्य असते. वाचकाची भाषा पाहून चौकट ते वाक्य काढून देते. मराठी वाक्य न मिळाल्यास मूळ संचिकेतील, बहुधा इंग्रजी, वाक्य निमूटपणे पुढे येते. बदलत्या नावांसाठी वाक्यात रिकाम्या जागा सोडलेल्या असतात.

खरी अडचण या रिकाम्या जागांत आहे. हिंदीत ‘पुणे में’ चालते. मराठीत ‘पुणे’चे ‘पुण्यामध्ये’, ‘सातारा’चे ‘साताऱ्यामध्ये’ व्हावे लागते. साचा मात्र ‘पुणेमध्ये’ छापून मोकळा होतो. क्रियापदाचेही तेच: लेख जोडला, यादी जोडली, पत्र जोडले. बंगालीत व्याकरणिक लिंग नसल्याने एका साच्यात भागते. मराठीला तीन लागतात.

‘पुणे येथे’, ‘जोशी यांना’ अशा रचनांनी सामान्यरूप टाळता येते, हा आक्षेप रास्त आहे. पण सर्वत्र तोच मार्ग धरला तर पडद्यावरची मराठी कचेरीतील सूचनाफलकाची मराठी होऊन बसेल. शिवाय क्रियापदाचे लिंग त्याने सुटत नाही.

साधनांचा अभाव ही सबब आता पुरेशी नाही. जावाच्या मूळ व्यवस्थेत या संचिका लॅटिन लिपीसाठी योजलेल्या होत्या. देवनागरी अक्षरे संकेतांकांनी लिहावी लागत आणि मुद्रितशोधकाला वाक्य वाचताच येत नसे. २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीने तो अडसर दूर केला. लिंग व वचन यांनुसार पर्यायी वाक्ये लिहिण्याची सोय आयसीयू या संग्रहात आहे. उणीव आहे ती भाषांतरकाराला विचारण्याच्या प्रथेची. त्याच्या हाती सुटे शब्द दिले जातात. जागेत कोणते नाम येणार, हे सांगितले जात नाही.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक वाटतात. भाषांतरकाराला तुकडे न देता पूर्ण वाक्य संदर्भासह द्यावे, आणि आपल्या भाषाविभागांनी हे काम तंत्रज्ञांचे म्हणून झटकू नये. सामान्यरूप कोठे ठेवावे व कोठे टाळावे, हा निर्णय शैलीचा आहे. तो व्याकरण जाणणाऱ्यानेच घेतला पाहिजे.