बांधावरचे गवत कुणाचे?



मागच्या पावसाळ्यात एक वयस्कर सभासद काडीपेटीत किडे घालून आमच्या गट ऑफिसात आले. "साहेब, बांधावर लई झालेत. उसात शिरायच्या आत औषध सांगा." पेटी उघडली तर फिकट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघांचा भुंगा. आम्ही म्हटले, "नाना, याला मारू नका, हा गाजर गवत खातो." नानांना काही पटले नाही. किडा दिसला की फवारा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. गवत मात्र वर्षानुवर्षे बांधावर उभे असते आणि त्याची तक्रार घेऊन ऑफिसात कोणी येत नाही.

हा भुंगा मेक्सिकोचा. गाजर गवतही अमेरिका खंडातलेच. १९८३ साली बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेने भुंगा मुद्दाम आणला आणि तपासून पुढच्या वर्षी सोडला. १९९१ च्या सुमारास तो सूर्यफुलावर दिसला म्हणून कर्नाटकात ओरड झाली, चौकशीही झाली; पण पिकाला मोठा धोका निघाला नाही. उसाशी त्याचे देणेघेणे नाही. पावसाळ्यात गवत खातो, पुढे जमिनीत दडून बसतो. तो एकटा पुरा पडत नाही, हेही खरे.

आपण या गवताला काँग्रेस गवत म्हणतो. काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले म्हणून हे नाव पडले, असे जुनी मंडळी सांगतात. पुण्यात ते शास्त्रज्ञांच्या नजरेत भरले १९५५-५६ च्या सुमारास. पी.एल. ४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे बी त्याआधीच येऊन पडले असावे. अमेरिकेचा गहू १९५१ सालीही आला होताच. त्या वादात आम्हांस शिरायचे नाही, राजकारणात तर मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दुसऱ्याचे नाव दिले की गवत दुसऱ्याचे होते. बंगालमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणवेलीला 'जर्मन पाना' म्हणू लागले. वेल मुळात दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून आणलेली. जर्मनांना शिव्या देऊन एक तळे मोकळे झाले नाही. शेवटी १९३६ साली वेल काढण्यासाठी तिथे कायदा करावा लागला.

तीच पाणवेल आपल्या गोदावरीत आहे. सांडपाण्यावर पोसते, पूर आला की वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकते, आणि पाणी मागे फुगते. मग वरचे खालच्यांना बोलतात, खालचे वरच्यांना.

परके म्हणून राग म्हणावा तर तसेही नाही. मका, मिरची, टोमॅटो हीही अमेरिकेकडचीच पिके. टोमॅटोवर तर आपल्या जिल्ह्याचे कितीतरी संसार चालतात. ज्याचा पैसा होतो ते आपले, ज्याचा होत नाही ते परके, असा आपला सरळ हिशेब.

आणि खिशाला झळ बसली की आपण कसे हलतो, तेही आम्ही पाहिले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगलीकडे उसावर पांढरा लोकरी मावा आला, तेव्हा आम्ही कृषी पदविकेला होतो. हा मावा परदेशचा नव्हे, ईशान्य भारतात आधीपासूनचा. पण आपल्या उसाला नवा. बेण्यातून, वाढ्यातून गावोगाव गेला. तेव्हा कोणी त्याचे कूळ विचारत बसले नाही. सभा झाल्या, माव्याचे वाढे बाहेर न्यायचे नाही असे ठरले, डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक पानांसकट एका शिवारातून दुसऱ्या शिवारात नेऊन सोडले. शेजारच्याच्या उसातला मावा हा आपलाच मावा, हे तेव्हा कळले होते.

गाजर गवताचे तसे का होत नाही? कारण ते बांधावर, चारीवर, रस्त्याच्या कडेला असते, आणि त्याची झळ बांधाच्या मालकाला बसत नाही. ती बसते निंदणीला येणाऱ्या बायांना. हाताला, मानेला खाज, पुरळ, कुणाला धाप. मजुरी बुडते ती त्यांचीच. मालक मोटारसायकलवरून बघून जातो. हे आम्हांस बरे वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहिले.

एक झाड दहा-दहा हजारांवर बी टाकते, आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते. तेव्हा फुलाआधी, ओल असतानाच मुळासकट उपटावे. हातमोजे मालकाने द्यावेत, बायांनी घरून आणायचे नाहीत. फूल न आलेले गवत खड्ड्यात कुजवले तर खत होते. फुलावर आलेले खतात गेले तर तेच बी शेणखताच्या ट्रॉलीतून आपण आपल्या हाताने उसात नेतो. उपटलेल्या मोकळ्या जागी तरोट्याचे बी फोकावे, तो वाढून गवताला दाबतो. भुंगे असलेला तुकडा तेवढा पावसाळा राहू द्यावा.

काही सभासद म्हणतील, साहेब, आधी तुमचा गाडीतळ बघा. बरोबर आहे. गव्हाणीमागे आमचेच गवत कमरेइतके वाढते आणि गाड्यांच्या चाकांना लागून त्याचे बी तुमच्या शिवारात येते. आषाढी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला शेतकी विभागाचा सारा स्टाफ तिथे उपटायला येणार आहे. हातमोजे कारखान्याचे. ज्यांना जमेल त्यांनी यावे. पुढच्या रविवारी कोणत्या चारीवर जायचे ते तिथेच ठरवू.