फीमाफी कोणाला? मोजमाप कोरडवाहूचे लावा



जून उजाडला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात दोन खर्च एकदम उभे राहतात. एक बियाण्याच्या पिशवीचा, दुसरा पोराच्या फीचा. कापूस घरात यायला दिवाळी, रब्बी ज्वारीची रास व्हायला शिमगा. फी मात्र जूनमध्येच हवी. मग सावकाराचे दार.

खासगी शाळेत गरिबाला सवलत द्यावी, हे सगळेच म्हणतात. गरीब कोणाला म्हणायचे, तिथे घोळ आहे.

पहिले मोजमाप अंतराचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पळवाट काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. चांगले झाले. पण अग्रक्रम शाळेजवळ राहणाऱ्याला. मुखेड-जळकोटच्या वाडीजवळ अशी शाळा असते कुठे? शिवाय ही मदत आठवीपर्यंतच. लातूर-नांदेडला खोली, मेस आणि क्लासचा खरा खर्च अकरावीला सुरू होतो.

दुसरे मोजमाप जमिनीचे. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारकाच्या मुलाला मदत आहे. हेतू चांगला. पण दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. अर्धापुरात कालव्याच्या पाण्यावर चार एकर केळी पिकवणारा अल्पभूधारक ठरतो. कंधारच्या मुरमाड माळावर आठ एकरांत कापूस लावणारा ठरत नाही. मी शेतीशास्त्र शिकलो आहे. वीतभर मातीचा एकर आणि कमरेइतक्या काळ्या मातीचा एकर सातबाऱ्यावर सारखेच दिसतात, पिकात नाहीत.

तिसरे मोजमाप गुणांचे. दहावीला ९५ टक्के पडले की अनेक क्लासवाले फीत सूट देतात. ती मदत नव्हे, फलकावर फोटो लावायची किंमत आहे. आईबरोबर कापूस वेचून ७० टक्के मिळवणाऱ्या मुलीला त्यात काय मिळते?

आता आपल्यातलेही बोलू. उसाची बिले घेणारा, दारात ट्रॅक्टर असलेला माणूसही तहसीलमधून कमी उत्पन्नाचा दाखला आणतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून हिशेब विचारणारा कोणी नाही. तो सरकारला फसवत नाही, शेजारच्या सालगड्याच्या लेकराची जागा खातो. सरकारकडे हक्क मागणाऱ्यांनी हे आधी गावात थांबवले पाहिजे.

मग मोजमाप कोणते? मला चार गोष्टी सुचतात.

एक, भूमिहीन मजुराचे मूल पहिले. त्याच्याकडे गहाण टाकायलाही सातबारा नाही.

दोन, शेतकऱ्याचे एकर मोजताना कोरडवाहू आणि बागायत वेगळे धरा. सातबाऱ्यावर सिंचनाची नोंद असतेच.

तीन, गावाची अंतिम पैसेवारी ५० पैशांखाली आली की त्या वर्षी गावातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलांना निम्मी फी आपोआप माफ व्हावी. दुष्काळ जाहीर झाला की सरकार परीक्षा शुल्क माफ करते. पण घर मोडते ते शिकवणीच्या आणि मेसच्या पैशाने.

चार, उरलेली फी सुगीनंतर हप्त्याने घ्यावी. यात संस्थेचा एक पैसा बुडत नाही.

संस्थाचालक म्हणतील, सरकारच आमची प्रतिपूर्ती थकवते. खरे आहे, सरकारने ती वेळेवर द्यावी. पण ज्या संस्थेला सरकारी जमीन किंवा अनुदान मिळाले, तिने स्वतःचा वाटाही उचलावा. तो वाटा चालकाच्या मर्जीवर नको. नियम फलकावर लिहा, मुलांची नावे लिहू नका. गरिबीची जाहिरात होऊ नये.

जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारणे ही मोठी मागणी आहेच. पण ती पुरी होईपर्यंत आजचे पोर थांबू शकत नाही.

या बैठकीत हे चार मुद्दे ठरावात घ्या. गावोगावी ग्रामसभेत मांडा. आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने त्या दिवशी पहिला हात वर करावा.